सँत-शापेल की शार्त्र? काचचित्रांसाठी एकच दिवस असेल तर

पॅरिसच्या मुक्कामात चर्चच्या खिडक्यांतील रंगीत काचचित्रांसाठी एकच दिवस काढता येणार असेल, तर शहरातलेच सँत-शापेल हे प्रार्थनामंदिर पाहावे की आगगाडीने तासाभराहून थोडे दूर असलेले शार्त्रचे कॅथीड्रल गाठावे, हा प्रश्न मलाही पडला होता. दोन वेगळ्या फेऱ्यांत मी दोन्ही पाहिली.

सँत-शापेलच्या वैभवाबद्दल दुमत नसावे. ख्रिस्ताचा काट्यांचा मुकुट ठेवण्यासाठी फ्रान्सचा राजा नववा लुई याने बांधलेल्या या वास्तूच्या वरच्या दालनात शिरताच भिंती जणू नाहीशा होतात. परंतु सुमारे १५ मीटर उंचीच्या १५ खिडक्यांत १,११३ प्रसंग बसवलेले आहेत, आणि बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकापासून सुरू होणारी कथा बहुतेक ठिकाणी खालून वर वाचत जायची असते. माझे घोडे येथेच अडले. डोक्यापासून काही हात वर गेल्यावर मला मोशे कोणता आणि फारो कोणता हे कळेना; मान अवघडली, मागून गर्दी सरकत राहिली, आणि शेवटी उरला तो केवळ लाल-निळा झगमगाट.

उंच खिडक्या शार्त्रलाही आहेत. मात्र तेथील कारागिरांनी वरच्या रांगेत बहुतांशी एकेकट्या, भव्य आकृती घेतल्या आणि बारीक प्रसंगांच्या कथा खालच्या खिडक्यांत ठेवल्या. त्यामुळे यिर्मया संदेष्ट्याच्या खांद्यावर बसलेला शुभवर्तमानकार लूक आणि यशया संदेष्ट्याच्या खांद्यावरचा मत्तय मला दुर्बिणीवाचून ओळखता आले. दक्षिणेकडील एका खिडकीत तर खाली दयाळू शोमरोन्याचा दाखला (वाटेत लुटल्या गेलेल्या प्रवाशाला मदत करणाऱ्या परक्याची येशूने सांगितलेली गोष्ट) आणि वर आदाम-हव्वेचे पतन आहे: यरीहोच्या वाटेवर लुटला गेलेला प्रवासी म्हणजेच एदेनमधून बाहेर पडलेला मनुष्य, हा अर्थ चित्रांच्या मांडणीतूनच उलगडतो. तळाशी जोडे शिवणारे कारागीरही आपल्या कामात गढलेले दिसतात. त्या एका खिडकीसमोर माझा अर्धा तास गेला. ११९४ च्या आगीतून वाचलेल्या निळ्या वस्त्रांतील येशूची आई मरिया हिचे चित्र त्यानंतर पाहिले.

अलीकडच्या सफाईनंतर शार्त्रच्या भिंती उजळल्याने काचांची गूढता उणावली, अशी तक्रार काही जण करतात, आणि ती अगदीच निराधार म्हणवत नाही. हाताशी दोनच तास असतील, किंवा प्रसंग ओळखण्यापेक्षा प्रकाशात न्हाऊन निघणेच हवे असेल, तर सँत-शापेल खुशाल निवडावे. बायबलमधील प्रसंग थोडेफार ठाऊक असतील, तर मात्र सकाळची शार्त्रची गाडी पकडावी. दुर्बीण असल्यास तीही सोबत घ्यावी, कारण काही खिडक्या तेथेही दाद देत नाहीत.