भरलेल्या होडीचा पंखा आणि मशीनची उंची

देवगड-मालवणच्या बाजूला जाळी घेऊन जाणाऱ्या वीस फुटी फायबरच्या होडीवर 15 अश्वशक्तीचे आऊटबोर्ड मशीन बसवताना प्रश्न बहुधा दोनच उरतात: पंखा 9 पिचचा घ्यावा की 11 पिचचा, आणि मशीन मागच्या फळीवर किती उंच ठेवावे.

पिच म्हणजे पंखा घसरला नाही तर एका फेरीत जितके इंच पुढे जाईल ते अंतर. मशीनच्या मिनिटाला 5500 फेऱ्या आणि 2.08 चा गिअर (मशीनच्या 2.08 फेऱ्यांना पंख्याची एक) धरला, तर कागदावर 11 पिचला ताशी सुमारे 44 किलोमीटर वेग निघतो आणि 9 पिचला 36. हा फरक पाहून पुष्कळजण 11 कडे वळतात, कारण चाचणी सकाळी, खाडीच्या सपाट पाण्यात आणि रिकाम्या होडीनिशी घेतलेली असते. तीच होडी भिजलेली जाळी, बर्फ आणि मासळी घेऊन परतते तेव्हा थ्रॉटल पूर्ण उघडूनही फेऱ्या पुस्तिकेतल्या किमान आकड्याच्या खाली राहतात, मशीन ओढाताण करत चालते आणि इंधन जळूनही वेग मिळत नाही. पिच एका इंचाने कमी केला की फेऱ्या साधारण दीडशे ते दोनशेने वाढतात. म्हणून भार ओढायला मी 9 पिचच सुचवेन. मात्र रिकामी होडी नेताना फेऱ्या कमाल मर्यादेपलीकडे जाऊ नयेत, म्हणून हात आवरता ठेवावा लागतो.

उंची ठरवताना पंख्याच्या वर असलेली आडवी पट्टी पाहावी. ती होडीच्या तळाच्या रेषेत, किंवा फार तर इंचभर खाली असणे हे सुरक्षित माप होय. मशीन इंचभर वर घेतले तर पाण्याचा अडथळा कमी होतो खरा, पण त्याचा लाभ पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या होडीला. भरलेली होडी पाणी कापत चालते. तिला त्यातून फारसे काही मिळत नाही, उलट खाडीच्या तोंडाशी लाटेवर मागची बाजू उचलली गेली की पंखा हवा ओढतो, फेऱ्या एकदम चढतात आणि होडी जागच्या जागी राहते. थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार अशा वेळी तुटक पडू लागली, तर मशीन नक्कीच जास्त वर आहे. फार खाली बसवल्यास पाणी मागे उडते आणि ओहोटीला पंखा खडपाला लागण्याची भीती वाढते.

पाती तीन की चार, हा प्रश्न त्यामानाने लहान आहे: चार पाती लाटेत पाणी अधिक धरून ठेवतात, पण थोडा वेग घेतात. धातूंपैकी स्टीलचा पंखा टिकाऊ असला तरी महाग, आणि तो सहज वाकत नसल्याने आपटल्याचा धक्का आत जातो. खडपाच्या किनाऱ्यावर ॲल्युमिनियमचे पाते वाकलेले परवडते, आतले गिअर मोडलेले नाही.

उंची आणि पंखा एकाच दिवशी बदलू नयेत. आधी उंची पक्की करावी, मग टॅकोमीटर लावून भरल्या होडीनिशी फेऱ्या मोजाव्यात. पंखा काढलाच आहे तर दांड्यावर जाळ्याचा तंगूस (नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला नाही ना, हेही पाहून घ्यावे; तो ऑइल सील कापतो आणि आत पाणी शिरून गिअरचे तेल दुधासारखे पांढरे होते.