फॅन हळू करायचा की व्होल्टेज उतरवायचं?

गेम सुरू झाला की ग्राफिक्स कार्ड असं घोंघावतं की बाहेरून आई विचारते, "मिक्सर लावलास का?" उपाय दोन, दोन्ही आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फुकट.

फॅन कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला फॅन किती वेगाने फिरेल याचा आलेख, खाली ओढणं हे दोन मिनिटांचं काम. पण उष्णता तेवढीच तयार होते. तापमान चढतं आणि एनव्हिडियाचं कार्ड बूस्ट क्लॉक (चिपचा वाढीव वेग) पायरीपायरीने उतरवू लागतं. मे महिन्यात तर विचारूच नका.

मी अंडरव्होल्टच्या, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज देण्याच्या, बाजूचा. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने खर्च होते. त्यामुळे १.०५ वरून ०.९ व्होल्टवर आलं, की त्याच क्लॉकला खर्च जवळपास पाव हिश्श्याने घटतो. उष्णताच कमी, मग फॅन आपोआप गप्प. कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेज आणि क्लॉकचा कर्व्ह उघडायचा, ०.९ चा ठिपका हव्या त्या क्लॉकवर चढवायचा, पुढचं सगळं सपाट करायचं. कटकट एकच, प्रत्येक चिपचं नशीब वेगळं. माझी तासभर बेंचमार्कमध्ये (कार्डाची ताकद तपासणाऱ्या चाचणीत) टिकलेली सेटिंग रे ट्रेसिंग (गेममधल्या प्रकाश-सावल्यांचा जड हिशेब) लावल्यावर दहाव्या मिनिटाला कोसळली. मग १५ मेगाहर्ट्झ खाली आणून पुन्हा चाचणी.

एवढं करूनही आवाज उरलाच, तर फॅन कर्व्हला हात लावा. त्याआधी हीटसिंकमधली (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांमधली) धूळ काढा, माझ्या कार्डात तर बोटभर साठली होती.