सेकंडहँड गाडी: सर्टिफाइड शोरूम बरी की स्वतंत्र डीलर?

ओळखीतून गाडी मिळत नसेल तर शेवटी डीलरकडेच जावं लागतं, आणि मग प्रश्न येतो की कंपनीच्या शोरूमचा जो सर्टिफाइड जुन्या गाड्यांचा विभाग असतो तिथे जायचं की मोकळ्या प्लॉटवर सगळ्या कंपन्यांच्या गाड्या लावून बसलेल्या स्वतंत्र डीलरकडे. माझं मत आधीच सांगतो, तुमच्या बाजूने बघणारा चांगला मेकॅनिक हाताशी असेल तर स्वतंत्र डीलर, नसेल तर सर्टिफाइड. कारण काय ते खाली.

किंमतीत फरक पडतोच. तेच मॉडेल, तेच वर्ष, साधारण तेवढंच रनिंग, तरी सर्टिफाइडवाल्याकडे सहसा जास्त मागतात. वरचे पैसे तपासणीचे, थोडीफार दुरुस्ती करून घेतात त्याचे, आणि मुख्य म्हणजे वॉरंटीचे. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन दाखवलं होतं की विकणाऱ्याला गाडीतली खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाही पूर्ण भाव द्यायला तयार होत नाही (२००१ च्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा होता). वॉरंटी ही त्यावरचीच तोड, विकणारा म्हणतो की खोट निघाली तर खर्च माझा.

फक्त "खर्च माझा" म्हणजे नक्की कुठला खर्च, हे कागदावर बघा. बऱ्याच वॉरंटीत इंजिन आणि गिअरबॉक्सचे आतले पार्ट येतात, पण क्लच, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर असलं झिजणारं सामान येत नाही, आणि जुन्या गाडीत आधी खर्च निघतो तो नेमका इथेच. सर्व्हिस त्यांच्याच वर्कशॉपला करायची अट आहे का, क्लेमला वरची मर्यादा आहे का, तेही विचारा. दीडशे पॉइंट चेक केलेत असं भिंतीवर लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका, त्यात वायपर आणि आतला दिवा पण मोजलेला असतो. या गाडीची भरलेली शीट दाखवा म्हणायचं.

स्वतंत्र डीलरकडे चॉइस जास्त आणि भाव करायला जागा जास्त. त्याच्याकडच्या गाड्या येतात लिलावातून, थेट मालकांकडून, आणि मोठ्या शोरूमला एक्स्चेंजमध्ये आलेल्या पण त्यांनी स्वतः न ठेवलेल्या. आता न ठेवण्याचं कारण प्रत्येक वेळी वाईटच असतं असं नाही, सर्टिफाइडमध्ये वय आणि किलोमीटरची मर्यादा असते, त्यामुळे नीट वापरलेली दहा वर्षांची गाडीसुद्धा बाहेर जाते, आणि तीच इथे स्वस्तात मिळू शकते. पण चांगली कुठली आणि वरवर रंग मारलेली कुठली हे इथे तुम्हालाच ओळखायचंय.

म्हणून बघायला जाताना सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका, गेल्यावर बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर का ते विचारा, कारण इंजिनची बरीचशी कुरकुर थंड स्टार्टलाच कळते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, पांढरी वाफ थंडीत थोडा वेळ चालते पण इंजिन गरम झाल्यावरही थांबली नाही तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) इंजिनच्या आत जाऊन जळत असण्याची शक्यता, सरळ पुढच्या गाडीकडे वळा. काचांच्या कोपऱ्यात छापलेले कोड बघा, सगळ्या साधारण एकाच काळातल्या हव्यात, एखादीच वेगळी निघाली तर ती का बदलली हा प्रश्न येतो. टायरवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकाला चिखलाचा डाग असेल तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. मीटर कमी दाखवतोय आणि पेडलचं रबर, स्टिअरिंग गुळगुळीत झालंय, तर मीटर मागे फिरवला असल्याचा संशय घ्या आणि सर्व्हिसच्या जुन्या बिलांवरचे किलोमीटर ताडून बघा. मेकॅनिककडे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारं यंत्र) असेल तर फक्त एरर नाहीत एवढं बघून थांबू नका, गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का तेही बघायला सांगा, झाल्या नसतील तर एरर नुकतेच पुसलेले असू शकतात.

बाहेरचा मेकॅनिक आणतो म्हटल्यावर जो कां कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका, मग तो एसी शोरूममधला टायवाला असला तरी. "आमची तपासणी झालीये सर" हे उत्तर नाही.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर मात्र मी सर्टिफाइडकडेच झुकेन. खरी किंमत बॅटरीची असते आणि तिची तब्येत बाहेरून दिसत नाही, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये रिपोर्ट काढून मिळतो. बॅटरीवर बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी वॉरंटी देतात, ती दुसऱ्या मालकाला लागू होते का ते लेखी घ्या.

लोनच्या बाबतीत दोघं सारखेच. महिन्याला किती झेपेल असं विचारतात आणि तीनची पाच वर्षं करून हप्ता छोटा करून दाखवतात, तुम्ही एकूण किती भरायचे तेच विचारत राहा. एक्स्चेंजचंही तसंच, जुन्या गाडीला भाव चढवून देतात आणि इकडच्या किंमतीत वसूल करतात, त्यामुळे खिशातून जाणारा फरक तेवढा बघा. टोकन द्यायच्या आधी कागदावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवून बघा, आणि गाडी नाकारली तर टोकन परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्या.