बोटॉक्स, नऊ महिन्यांनंतर: कपाळ खूश, डोळे नाराज

काल मुलीने विचारलं, "आई, चिडलीयेस का?" आणि मला कळलं, बोटॉक्स उतरलं, म्हणजे स्नायू काही महिने ढिले ठेवणाऱ्या त्या इंजेक्शनचा परिणाम संपला. तिसऱ्या वेळचं. साडेतीन महिनेही नाही टिकलं.

दुखणं भुवयांमधल्या उभ्या आठीचं. पाच ठिकाणी टोचून वीस युनिट, नेहमीचंच माप. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळ जड वाटू लागलं, दोन आठवड्यांनी आठी पडेचना. मन हलकं झालं हे कबूल. मी नुसती स्क्रीन वाचत असले तरी ऑफिसात सगळे विचारायचे, "काही बिनसलंय का?" तो प्रश्नच बंद झाला. लोक नीट बोलायला लागले की कोणीही खूशच राहील!

डॉक्टरांचं म्हणणं वेगळं. आठीच घालता आली नाही की मेंदूला नाराजीचा निरोप कमी जातो, असं काहीसं. मी वाचत सुटले. 2012 साली नैराश्याच्या 30 रुग्णांवर चाचणी झाली होती. भुवयांमध्ये खरं बोटॉक्स मिळालेल्यांना नुसतं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, टोचलेल्यांपेक्षा बराच जास्त फरक पडला. पण आठी पडते की नाही, हे आरशात दिसतंच की. मग कोणाला काय टोचलंय, हे गुपित राहणार कसं? इथे माझा निम्मा विश्वास उडाला.

दुसऱ्या वेळी मात्र हाव सुटली. डोळ्यांच्या कडेलाही घेतलं, आणि ते पैसे पाण्यात गेले. तोंड हसायचं, डोळे ढिम्म. मुलीच्या वाढदिवसाचा फोटो पाहिला, तर नकोशा पाहुण्याकडे बघून हसावं तशी मी, पोटच्या पोरीशेजारी! तीन महिने विनोद कळायचा, पण आत काही हलायचं नाही. मनाचे खेळ म्हणून सोडून दिलं असतं, पण 2018 च्या एका अभ्यासातही डोळ्यांच्या कडेला घेणाऱ्यांमध्ये नैराश्याच्या चाचणीतले गुण वाढलेले, म्हणजे नैराश्य जास्त झालेलं, दिसलं होतं. खरं हसू डोळ्यांभोवतीच्या स्नायूत असतं, हे ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1862 मध्येच लिहून ठेवलंय. मला ते पैसे मोजून कळलं.

म्हणून तिसऱ्या वेळी फक्त कपाळ. तेवढ्यापुरती तक्रार नाही. भाड्याच्या घरासारखं दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा पैसे भरा, एवढंच.

मुलीला म्हटलं, "चिडले नाही गं, अक्षरं दिसत नाहीयेत." आता आधी चष्म्याचा नंबर तपासून घेते. चौथ्या वेळचं त्यानंतर बघू.