दिवाळीपासून मायक्रोवेव्ह वापरतोय, त्याबद्दल

दिवाळीत घेतलेला २८ लिटरचा कन्व्हेक्शन (गरम हवेने भाजायचीही सोय असलेला) मायक्रोवेव्ह कोथरूडच्या आमच्या स्वयंपाकघरात आता चांगलाच रुळलाय. सुरुवातीला तो चालू झाला की सासूबाई उठून हॉलमध्ये जायच्या. "तूही लांब हो गं, किरणं बाहेर येतात." शेवटी त्यांना दाराच्या काचेतली जाळी दाखवली. तिची भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, आणि आतल्या लहरी २४५० मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे साधारण १२ सेंटिमीटर लांबीच्या. त्या जाळीतून निसटत नाहीत, दार उघडताच बंदही होतात. दार वाकलं किंवा नीट लागेना तर मात्र वापरूच नका. आणि घरी खोलून बघू नका. आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, प्लग काढल्यावरही झटका देतो.

मला धास्ती वाटते ती मोदकाची. अंगारकीचे उरलेले उकडीचे मोदक गरम करा: पारी हाताला कोमट लागते, आत गुळाचं सारण चटका बसेल इतकं तापलेलं. पाण्याचा हात लावून, झाकून, वीस-तीस सेकंद, मग मिनिटभर तसेच राहू द्यायचे. एक फोडून बघितल्याशिवाय लेकाच्या हातात देत नाही.

नुसत्या पाण्याचंही तसंच. गुळगुळीत कपात ते बुडबुडा न येता १०० अंशांच्या वर जातं आणि साखर पडली की अंगावर उसळतं. म्हणून कपात आधीच लाकडी चमचा ठेवते. अंडं कवचासकट कधीच नाही. वांगं टोचून चालतं, पण त्या भरताला ना धूर ना चव, ते गॅसवरच भाजावं.

सोनेरी कडेच्या कपबश्या आत ठेवू नका, कडेवर ठिणग्या उडतात. केकचा ॲल्युमिनियमचा डबा कन्व्हेक्शनला चालतो, मायक्रो मोडला नाही; हे घरातल्या प्रत्येकाला वेगळं सांगावं लागलं. हॉटेलच्या पार्सलचे पातळ डबे सरळ कचऱ्यात.

एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, १६ अँपिअरचं सॉकेट नसेल तर आधी वायरमन बोलवा. कन्व्हेक्शनवर बाहेरचा पत्राही चांगलाच तापतो, वर टॉवेल-बिवेल ठेवायची सवय मोडा.

पापड झकास होतात, तेलाशिवाय. पण नुसती भाजी-आमटीच गरम करायची असेल तर २० लिटरचा सोलो, म्हणजे कन्व्हेक्शन-ग्रिल नसलेला साधा मायक्रोवेव्ह घ्या. आमचा ग्रिल वर्षभरात फारसा लागलेलाच नाही.