दोन सुऱ्या, दोन शिक्के
सहा महिने दोन सुऱ्या आलटून पालटून वापरल्या. एकीवर 'मेड इन जर्मनी', दुसरीवर 'मेड इन चायना'. पोलादाचा कडकपणा दोन्हींच्या खोक्यावर ५६ रॉकवेल. टोमॅटोची साल दोघींनी सारखीच कापली, बोथटही जवळपास एकदमच झाल्या. फरक मुठीत! जर्मन सुरीचे रिव्हेट बोटाला टोचतात, चिनी मूठ गुळगुळीत.

गंमत म्हणजे 'मेड इन जर्मनी' हा शिक्का १८८७च्या ब्रिटिश कायद्यामुळे आला, तोही हलक्या जर्मन मालापासून गिऱ्हाईक सावध राहावं म्हणून. बारकोडच्या सुरुवातीला ४०० हा जर्मनीचा आकडा दिसला, तरी त्यावरून माल कुठे बनला ते ओळखू नका. तो आकडा कंपनीची नोंदणी सांगतो, कारखाना नाही.

चिनी ठेवली. जर्मन सुरी वहिनीला दिली. ती खोक्यावरचं नाव वाचूनच खूश.