पूर्वाभिमुख प्लॉटवरील घराचा नकाशा : तिन्ही ऋतूंनंतरचा अनुभव

जळगावच्या बाहेरील नव्या वसाहतीत 30 बाय 50 फुटांच्या पूर्वाभिमुख प्लॉटवर आम्ही घर बांधले आणि गेल्या दसऱ्याला राहायला आलो. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा या घरात काढून झाल्यामुळे आता त्याच्या नकाशाबद्दल ठामपणे लिहिता येईल. आमच्यापुढे दोन नकाशे होते. पहिला तयार मिळालेला. त्यात दर्शनी भाग देखणा होता, दिवाणखाना दुमजली उंचीचा होता आणि झोपण्याच्या दोन्ही खोल्यांना मागच्या, म्हणजे पश्चिमेच्या, भिंतीत काचेच्या मोठ्या खिडक्या होत्या. दुसरा गावातल्याच इंजिनिअरने काढलेला, दिसायला अगदी साधा. मात्र त्यात जिना, न्हाणीघर, संडास आणि धान्याची कोठी अशी कमी वावराची सगळी जागा पश्चिमेला एका रांगेत घेतलेली होती. आम्ही दुसरा घेतला आणि मे महिन्यात त्या निवडीचे चीज झाले.

आपल्याकडे दक्षिणेच्या उन्हाची धास्ती फार असते, पण खानदेशात उन्हाळ्यापुरता तरी तो दोष दक्षिणेचा नाही. जळगाव साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या अखेरीस भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि दक्षिणेच्या भिंतीला ऊन फारसे लागतच नाही. दुपारनंतर मात्र पश्चिमेची भिंत सूर्यास्तापर्यंत भाजून निघते आणि नऊ इंची विटांत साठलेली ही उष्णता नेमकी आपण अंथरुणावर पडल्यावर आत येऊ लागते. आमच्या घरात ती जिन्यात आणि कोठीत अडते. पारा 45 अंशांवर असताना कोठीच्या पश्चिमेच्या भिंतीवर रात्री हात टेकवत नव्हता, तर तिच्याच पलीकडे असलेल्या झोपण्याच्या खोलीची भिंत जेमतेम कोमट लागत होती. हिवाळ्यात याउलट दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीच्या मध्यापर्यंत येते, आणि डिसेंबरच्या सकाळी ते हवेसेच असते.

झोपण्याची मोठी खोली नैऋत्येलाच हवी, हा घरातील ज्येष्ठांचा आग्रह होता. त्यावर इंजिनिअरने नैऋत्येला जड सामान ठेवावे असेही वास्तुशास्त्र सांगते, याची आठवण करून दिली आणि गव्हाच्या कोठ्या त्या कोपऱ्यात गेल्या. वाद तिथेच मिटला.

नकाशा पाहताना ज्याचा विचार सहसा होत नाही, ती गोष्ट म्हणजे कूलरची जागा. आमचा कूलर उत्तरेच्या सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि प्लॉटची हद्द यांच्यात सोडलेल्या मोकळ्या जागेत, सावलीत, खिडकीला लावलेला आहे आणि त्याच्यासाठी नळ बांधकामाच्या वेळीच काढून ठेवला आहे. कूलर बाहेरची हवा आत ढकलत असल्यामुळे तिला बाहेर जाण्यासाठी समोरच्या बाजूला उघडी खिडकी लागते. ती नसेल तर खोली थंड होण्याऐवजी दमट होते. आमच्याकडे दक्षिणेच्या खिडकीने ते काम चोख होते. एक उणीव मात्र आहे. मे-जूनमध्ये सूर्य वायव्येकडे झुकून मावळत असल्याने उत्तरेच्या खिडकीतूनही संध्याकाळी तिरपे ऊन येते आणि ते वरच्या छज्जाने अडत नाही. तिथे खिडकीच्या कडेला उभी पडदी हवी होती.

पावसाळ्याने दुसरी उणीव दाखवली. पावसाची झड पश्चिमेकडूनच येत असल्यामुळे ज्या कोठीने उन्हाळ्यात घर वाचवले, तिच्याच भिंतीला ऑगस्टमध्ये ओल आली आणि गव्हाच्या कोठ्या भिंतीपासून हातभर पुढे ओढून विटांवर ठेवाव्या लागल्या. बाहेरून जलरोधक गिलावा करून घेणे हा खर्च नकाशासोबतच धरला पाहिजे.

प्लॉट पूर्वी शेत होता, त्यामुळे खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घराला प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवर भिंतींखाली फिरवलेली काँक्रीटची तुळई, असल्याने आत कुठेही तडा नाही. समोरच्या ओट्याचा पाया मात्र ठेकेदाराने वरच्यावर घेतला, आणि एप्रिलमध्ये ओटा व भिंत यांच्यात बोट जाईल एवढी भेग पडली. भिंतींना जितके कोपरे आणि वळणे, तितका अशा जमिनीत पायाचा खर्च वाढतो. चौकोनी साध्या नकाशाचा हाही एक फायदा.

घरच्या रीतीभातींसाठी मूळ नकाशात काहीच नव्हते, ते आम्ही सांगून घालून घेतले. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याची कडी पोर्चच्या बीममध्ये स्लॅब भरण्यापूर्वीच बसवली. खापरावरच्या, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर भाजायच्या, पुरणपोळीसाठी मागे चुलीपुरता पत्र्याचा आडोसा काढला. गॅसच्या ओट्यावर ते काम होत नाही. जिना साडेतीन फूट रुंद घेतला, कारण बिबड्यांचे (ज्वारीच्या पापडांचे) शिजवलेले गरम पीठ पातेल्यात घेऊन बायकांना गच्चीवर चढायचे असते. गच्चीवर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी आहे. तिने स्लॅब कमी तापतो, तरीही मे महिन्यात रात्री दहापर्यंत छताची धग जाणवतेच.

हा नकाशा मागायला काही जण आले होते. पश्चिमेला रस्ता असलेल्यांनी तो आरशातल्यासारखा उलटा करून वापरू नये, कारण तसे केल्यास जिना आणि कोठी पूर्वेला जातात आणि दिवाणखाना थेट दुपारच्या उन्हात येतो. आमच्या पुढच्या गल्लीत एका घरी तसेच झाले आहे. तिथे दर्शनी खिडक्यांना बाहेरून हिरवी जाळी बांधलेली असते आणि दुपारी पाहुणे आले की त्यांना स्वयंपाकघरात बसवतात.